शहाणा हात

ईट गावातल्या खवा भट्ट्यांच्या गल्लीत श्रावस्तीला तीन नावं पडली होती. म्हाताऱ्या तिला हाताची डॉक्टरीन म्हणत, शेजारचे लोक मण्यावाली ताई म्हणत, आणि कोंडीरामांचा मुलगा अमरसिंह, तोंडाचा तिखट गडी, तिला व्यवसायोपचारवाल्या मॅडम म्हणे. तेही एकेका अक्षरावर जोर देऊन. पहिल्या दिवशी तिनं हा शब्द उच्चारला तेव्हाच तो म्हणाला होता, "धंद्यावर उपचार व्हय? मग आधी आमच्या धंद्यालाच सलाईन लावा. नानांचं मागनं बघू."

श्रावस्ती तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटची. बारावी विज्ञानातून, मग नागपूरला व्यवसायोपचाराची पदवी, आणि आता त्याच विषयातलं पदव्युत्तर शिक्षण, दुसरं वर्ष. आजारानं किंवा अपघातानं हात-पाय अडला की माणसाला त्याच्या रोजच्या कामाकडं परत कसं न्यायचं, हे तिचं शास्त्र. प्रबंधासाठी तिनं लकवा होऊन गेलेली, अंगमेहनतीची कामं करणारी बारा माणसं निवडली होती आणि ईटजवळ भूमला आत्याकडं मुक्काम ठोकला होता. बारा जणांत सगळ्यात अवघड, म्हणून तिला सगळ्यात आवडलेले, म्हणजे कोंडीराम, अमरसिंहाचे नाना. वय छप्पन्न. चाळीस वर्षं दूध आटवण्यात गेलेली. आठ महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र रुसून बसला.

"काका, तुम्हाला पुन्हा काय करायचंय?" तिनं विचारलं होतं.

"एक कढई खवा उतरवायचा. माझ्या हातचा."

"आठ आठवडे द्या मला," ती पटकन बोलून गेली. इतक्या पटकन, की पुढची दोन मिनिटं तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

अमरसिंहानं तेवढंच पकडलं. "आठ म्हंजे आठ. नवव्याला म्या बार्शीकडचा कारागीर लावणार, बोलून ठेवलंय त्याला. माझा खवा रोज तळाला लागायलाय, गिऱ्हाईक शिव्या द्यायलंय. एकदा कारागीर बसला की भट्टीवर त्याचा हुकूम. मग नाना खाटंवर अन् तुमी नागपूरला."

खाटेचं नाव निघताच कोंडीरामांनी अंगावरची शाल काढून घडी घातली, डाव्या हातानं, नीट चार पदरी. श्रावस्तीनं ते पाहिलं आणि वहीत तारीख घातली.

पहिले पाच आठवडे मोठे झकास गेले. खांदा, कोपर, मग मूठ. मणी उचलणं झालं, चिमटे लावणं झालं. कढई ढवळायच्या लांब दांड्याच्या लोखंडी उलथन्याला तिनं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मूठ जाड केली, घमेल्यात वाळू भरली आणि कोंडीरामांना उजव्या हातानं ती ढवळायला बसवलं. पहिल्या दिवशी चार फेरे. पाचव्या आठवड्यात दोनशे. तिनं आलेख काढला. रेघ अशी चढत गेली होती की बघताना पोटात गुदगुल्या व्हाव्यात.

रविवारी संध्याकाळी तिनं तो आलेख बनाबाई आत्याला दाखवला. बनाबाईनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती. पोराचं वजन वाढलं की तक्त्यावरची रेघ चढते, हे ती श्रावस्तीच्या जन्माआधीपासून बघत आली होती. तिनं चष्मा नाकावर सरकवून आलेख बघितला.

"छान. भट्टी पेटल्यावर कशी दिसती ती?"

"म्हणजे?"

"तू बघितली न्हाईस व्हय?"

"आत्या, माझी एसटी साडेनवाला पोचते. तोवर कढया घासून पालथ्या घातलेल्या असतात."

"म्हंजे पाच आठवडे तू पालथ्या कढया बघून माणूस बरा करायलीस?" बनाबाई हसायला लागली. "अगं, दूध काय तुझ्या एसटीची वाट बघत बसतंय?"

श्रावस्तीचे कान तापले. तिच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडम पहिल्या तासाला म्हणाल्या होत्या, आधी काम बघा, मग माणूस, मग हात. तिनं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून. आणि मग सरळ हातापासून सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं आत्याची स्कूटी काढली. जानेवारीची थंडी, दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, हँडलवर बोटं बधिर. पण ईटच्या गल्लीत शिरली आणि सगळी थंडी विसरली. इतके दिवस मुकाट पडलेली गल्ली जिवंत झाली होती. ओळीनं भट्ट्या धडधडत होत्या, कॅनमधून दूध कढईत धबाधबा पडत होतं, वाफेत माणसं अर्धी दिसत होती आणि कढईचा तळ खरवडणाऱ्या उलथन्यांचा खर्र खर्र आवाज चहूकडून येत होता.

"आज सूर्याच्या आधी मॅडम!" अमरसिंह कढईमागून ओरडला.

कोंडीराम शेजारी पालथ्या कॅनवर बसले होते, शाल पांघरून. ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली, घड्याळ लावलं, वही उघडली आणि पहिली ओळ लिहिता लिहिता थांबली.

अमरसिंह डाव्या हातानं ढवळत होता.

असेल डावखुरा, तिला वाटलं. तिनं बुटक्या भिंतीपलीकडं शेजारच्या भट्टीवर पाहिलं. तिथं सिद्धलिंग, कोंडीरामांच्या वयाचा, बनियनवर घाम गाळत बसलेला. डावा हात. त्याच्या पलीकडच्या भट्टीवरही डावाच.

"काका, या गल्लीत सगळे डावखुरे आहेत?"

अमरसिंह असा हसला की उलथनं कढईवर आपटलं. "सिद्धलिंगकाका, ऐकलंव का? मॅडम म्हणायल्यात आपुन समदे डावरे!"

"डावरा तुझा कारागीर," भिंतीपलीकडून उत्तर आलं.

कोंडीरामही हसले, पण मग समजावून सांगू लागले. "मॅडम, ढवळायला काय अक्कल लागतीय? बैल बी ढवळंल. ते डाव्याकडं. उजवा मोकळा ठिवायचा. त्यो शहाणा हात. खवा झाला का न्हाय, त्यो सांगतो."

"कसं सांगतो?"

"चिमटीत घ्यायचा, गोळी वळायची. बोटाला कळतंय. शेवटाला खवा अर्ध्या मिनिटात बिघडतोय, डावा हात थांबला की खाली लागलाच. म्हणून डाव्यानं ढवळत ऱ्हायचं अन् उजव्यानं बघायचं. माझ्या बानं आसंच शिकवलं. समद्यांच्याच बानं."

कढईतलं दूध तोवर घट्ट होऊन गदगदत होतं. अमरसिंहानं उजव्या हातानं चिमूट घेतली, वळली, कपाळाला आठ्या घातल्या. "नाना, बघा बरं. झाला का?"

आणि कोंडीराम नेहमीच्या सवयीनं पुढं झुकले. पाच आठवड्यांत कमावलेला उजवा हात अगदी सफाईनं पुढं गेला, अंगठा आणि तर्जनीनं खवा उचलला, गोळी वळली. श्रावस्तीला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला.

ते वळत राहिले. पुन्हा वळलं. डोळे बारीक केले.

"नाना?"

"काय की, बोटाला कळंना," कोंडीराम म्हणाले.

तेवढ्यात जळका वास आला. अमरसिंहानं कढई उतरवली, पण खवा लागला होता. उलथनं भिंतीला टेकवून तो बाहेर निघून गेला. ते निघून जाणं कोंडीरामांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. श्रावस्तीनं त्यांची बोटं बघितली. तर्जनीच्या टोकाला फोड उठत होता, आणि माणसाला पत्ताच नव्हता. तिनं त्यांचा हात धरून बादलीतल्या गार पाण्यात बुडवला.

वहीचं तिसरं पान तिला आता न उघडताही दिसत होतं. अंगठा व तर्जनी: स्पर्श कमी, उष्णता कमी. स्वतःच्याच अक्षरात. नोंद बरोबर होती. ती कशासाठी लागणार हे तिला माहीत नव्हतं.

"काका, मी तुम्हाला वाळूत उजव्या हातानं ढवळायला बसवलं तेव्हा बोलला का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? जेवता कोणत्या हातानं? उजव्या. खिळा ठोकता कोणत्या हातानं? उजव्या. लिवून घेतलंत. म्या म्हणलं शिकलेली पोर हाय, हाताचा येयाम असंल काहीतरी."

ती गल्लीच्या तोंडाशी हातपंपावर गेली आणि तोंडावर पाणी मारलं. पाच आठवडे चुकीच्या हाताला चुकीचं काम. ही लाज पहिल्या दोन ओंजळींपर्यंत टिकली. तिसऱ्या ओंजळीला डोक्यात दुसरंच काही हलू लागलं. एका कामाचे दोन भाग, एक ताकदीचा आणि एक कळण्याचा, आणि ही माणसं कळण्याचं काम चांगल्या हाताला राखून ठेवतात. असं तिनं आजवर एकाही पुस्तकात वाचलं नव्हतं. ती तिथूनच राजेश्वरी मॅडमना फोन करून धडाधड बोलत सुटली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि खळखळून हसल्या. "ही चूक प्रबंधात लपवायची नाही हं. सविस्तर लिही. आता सांग, करणार काय?"

"उजव्या बोटांची जाण यायला महिने लागतील. कदाचित यायचीच नाही. आणि गरम खव्यात ती बोटं घालणं धोक्याचं आहे. म्हणजे कळण्याचं काम डाव्याकडं न्यावं लागेल. डावा हात गोळी वळेल तेवढा वेळ उजव्यानं ढवळायचं. ताकद आहे आता त्याच्यात."

"किती दिवस आहेत?"

"तीन आठवडे."

"मग फोनवर काय करतेस?"

ती जवळजवळ धावतच परत आली. पण कोंडीरामांनी ऐकलं आणि मान हलवली. "डाव्या हातानं मालाला शिवायचं? न्हाय जमायचं."

"का, काका?"

"का काय? खायाची चीज हाय. देवाला पेढं जातेत त्याचं. डावा हात लावला म्हणून गल्लीत कळलं तर माल बाटला म्हणतील."

बाटणं. हा शब्द श्रावस्तीनं जळकोटला आजीच्या तोंडून ऐकला होता, माणसांबद्दल. तिनं तो वहीत लिहिला नाही. काय बोलावं हे ती ठरवत होती, तेवढ्यात चुलीपुढून कोंडीरामांच्या बायकोचा, तुळजाबाईंचा आवाज आला. त्या परातीत भाकरी थापत होत्या आणि थांबल्या नाहीत.

"अवं, भाकरीला माझं दोनी हात लागतेत. चाळीस वर्सं खायलाव. बाटलाव का?"

"ते येगळं."

"काय येगळं? म्या एका हातानं थापून दावू? ती ढेकळावाणी भाकर खाताव का?"

भिंतीपलीकडं सिद्धलिंग खो खो हसला. कोंडीराम तिकडं बघून गुरगुरले, पण मग त्यांनी स्वतःचा डावा हात समोर धरला आणि उलटसुलट करून बघितला. जसा बाजारात जनावर बघावं तसा.

"हे गाढव शिकंल का पण?" ते म्हणाले.

"बघू या," श्रावस्ती म्हणाली. तिचा आवाज आनंदानं चिरकला.

शाळा भरली ती दुसऱ्या पहाटेपासून. सिद्धलिंग त्याच्या कढईतून चार वेळा खवा काढून देई, वेगवेगळ्या टप्प्यावरचा: सैल, दाणेदार, लोण्यासारखा आणि झालेला. चार वाट्या, वर झाकण, हाताला सोसेल इतपत निवू द्यायचं. कोंडीरामांनी डोळे मिटायचे, डाव्या चिमटीत गोळी वळायची आणि वाटी ओळखायची. रोज वीस वेळा. पहिल्या दिवशी पाच बरोबर आले.

"पाच! बरं हाय की," तुळजाबाई म्हणाल्या.

"काकू, चार वाट्या आहेत. नुसतं ठोकून दिलं असतं तरी पाच आले असते," श्रावस्ती म्हणाली. सगळे हसले, कोंडीराम सोडून.

"तुमी करा बघू," ते म्हणाले.

तिनं डोळे मिटले. वीसपैकी सहा. कोंडीरामांची कळी अशी खुलली की विचारू नका. त्या दिवसापासून शिकवणारे ते झाले. "दाबू नका, मॅडम. दाबलं की समदा खवा सारखाच. बोटावर चालू द्या त्याला. चिकटतोय का, का नुसता फिरतोय? आत रवा हाय का? घाई नगं." हे तिला सांगता सांगता त्यांचा स्वतःचा डावा अंगठा ऐकत होता, हे तिला आकड्यांत दिसू लागलं. सहाव्या दिवशी नऊ. अकराव्या दिवशी सोळा. रोज पहाटे स्कूटीवरून येताना ती मोठ्यानं गाणी म्हणायची. ज्वारीशिवाय ऐकायला कुणी नसे.

"कोंडीबा, चौथीत दोनदा बसलास, आता पास व्हायलास," सिद्धलिंग म्हणे.

"तू वाट्या भर. मास्तरकी करू नगंस."

उजव्या हाताची कहाणी वेगळी. वाळू ढवळणं निराळं आणि घट्ट होत जाणारा खवा निराळा. तो उलथनं ओढून धरतो. शिवाय उजव्या हाताचा फेरा कढईच्या डाव्या कडेपर्यंत पोचत नव्हता आणि नेमका तिथंच खवा लागायचा. श्रावस्तीनं तीन दिवस फेरे मोजले, कढईवर खडूनं खुणा केल्या, खांदा कुठं अडतो ते बघितलं. शेवटी उपाय निघाला तो अगदी साधा: बसायचा पाट वीतभर डावीकडं सरकवला. फेरा पूर्ण झाला. तिनं टाळी वाजवली, कोंडीरामांचं लक्ष उडालं, कढईतलं दूध उतू जायला आलं आणि तुळजाबाईंनी तिला भट्टीपासून चार हात लांब बसवलं.

आठवा आठवडा संपला त्या सोमवारी राजेश्वरी मॅडम आल्या. आदल्या दिवशीच भूमला बनाबाईकडं उतरल्या होत्या, पहाटे श्रावस्तीच्या मागं स्कूटीवर बसून आल्या. बार्शीकडचा कारागीर मंगळवारी यायचा होता. अमरसिंहानं तसं सांगितलं, आज तिखटपणा न करता, आणि दहा लिटर दूध कढईत ओतलं.

पहिली पंधरा-सोळा मिनिटं काही घडलं नाही. कोंडीराम डाव्या हातानं ढवळत होते, चाळीस वर्षं ढवळत आले तसे. जाळ कमी कर, लाकूड मागं ओढ, एवढंच बोलत. मग दूध जड झालं, बुडबुडे फुटताना फट् फट् वाजू लागले.

"आता," श्रावस्ती पुटपुटली.

उलथनं उजव्या हातात गेलं. एक फेरा. दोन. दंड थरथरत होता, पण टोक तळाला धरून होतं. डावा हात पुढं आला, चिमूट घेतली, गोळी वळली.

"न्हाय."

पुन्हा ढवळणं. भिंतीवर सिद्धलिंग कोपर टेकून उभा होता. "झाला, कोंडीबा. उतरव."

"नाना, लागंल बघा," अमरसिंह म्हणाला. त्याचे दोन्ही हात कढईच्या कड्यांसाठी फडकं धरून तयार होते.

दुसरी चिमूट. कोंडीरामांनी डोळे मिटले. उजवा हात मंदावला होता, पण थांबला नव्हता. श्रावस्तीला खवा झालेला दिसत होता. कडा सोडून गोळा होत होता, चकाकी आली होती. तिच्या जिभेवर शब्द आला. राजेश्वरी मॅडमनी तिच्या मनगटावर हात ठेवला. मनगट गप्प बसलं, काळीज बसेना.

"न्हाय," कोंडीराम म्हणाले. "रवा हाय आत."

एक फेरा. दोन. तीन. उजव्या दंडावरची शीर तट्ट फुगली. चौथ्या फेऱ्याला उलथनं अडखळलं, आणि श्रावस्तीला वाटलं, संपलं. पण कोंडीरामांनी खांद्यानं रेटून ते पुन्हा तळाला घातलं आणि तिसरी चिमूट घेतली. गोळी अंगठ्यावरून तर्जनीवर, तर्जनीवरून अंगठ्यावर फिरली.

"धर!"

अमरसिंहानं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूला कोण हे बघायला वेळ नव्हता. श्रावस्तीनं ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं आणि कडं उचललं. कढई खाली आली. सगळे वास घेत उभे राहिले. जळका नाही. नुसता गोड, जड, भाजल्यासारखा दरवळ.

सिद्धलिंग भिंत ओलांडून आला, उजव्या चिमटीत खवा घेतला आणि बराच वेळ वळत बसला. "म्या अर्धं मिंट आधी उतरवला असता," तो शेवटी म्हणाला.

"म्हणून तुझ्या खव्याला दुसऱ्या दिशी पाणी सुटतंय," कोंडीराम म्हणाले. त्यांना धाप लागली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, थरथरत, घामेजलेला. ते त्याच्याकडं बघत नव्हते. डाव्या बोटांत गोळी अजून फिरत होती.

अमरसिंह थोडा बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. गल्लीच्या आवाजात त्याचं अर्धंच ऐकू आलं. "न्हाय, उद्या नगं... न्हाय, पुढल्या आठवड्यात बी नगं... अवं, म्हातारं बसलंय भट्टीवर, उठतंय कुठं!"

फोन खिशात टाकून त्यानं दुधाचा दुसरा कॅन ओढला.

"नाना, दम खाताव का लगेच टाकू?"

"टाक की," कोंडीराम म्हणाले. "दूध थांबतंय व्हय?"

श्रावस्तीनं वहीचं नवं पान उलटलं. घाईघाईत वेळ लिहिताना आकडे वेडेवाकडे आले. तिनं ते तसेच राहू दिले आणि घड्याळ चालू केलं.